बारा शब्दांची ओवी

५ जानेवारी, सोमवार

आरोही, वाचायला बसण्याआधी उठ आणि गॅसवर दूध ठेवलंयस का ते बघून ये. ठेवलं असणारच. जी पोरगी स्वतःच्या लग्नात हार न्हाणीत विसरून बोहल्यावर उभी राहिली, तिच्या दुधावर माझा भरवसा न्हाय. आलीस बघून? गॅस बंद केलास? आता बस.

तर मी निपाणीला पोचले. उचगावच्या घराला कुलूप घातलं, किल्ली शेजारच्या रवळूच्या बायकोकडं दिली, आणि बेळगावच्या स्टँडवर तुझ्या भावानं मला खिडकीची जागा धरून दिली. सौरव आता हायवेवरच्या टायरच्या शोरूममध्ये कामाला आहे. शर्टावर नाव शिवलेलं असतं, पण दोन वेळा वडापाव खाऊन पोरगं चिपाड झालंय. त्याला भाकरी घालायची, आणि सातवा महिना लागला की तुला बाळंतपणाला आणायचं, अशी दोन कामं घेऊन मी आले आहे. तुझी आई असती तर पहिलं बाळंतपण तिनं केलं असतं. आता तुझं माहेर म्हणजे मी, आणि मी जिथं चूल मांडीन ते.

घरमालक तवनाप्पा जैन आहेत, दिवस मावळायच्या आत जेवून हात धुऊन मोकळे. मला बघून 'बर्री आक्का, बर्री', म्हणजे या या, करत माझी पिशवी त्यांनीच उचलली. पूर्वी ही तंबाखूची वखार होती. आता मधे विटांच्या भिंती घालून खोल्या पाडल्यात. तंबाखू गेली, वास गेला न्हाय. आल्या आल्या मी इतक्या शिंका दिल्या की शेजारची नागुबाई मांडीवरचं विडीचं सूप बाजूला ठेवून बघायला आली.

आपल्या स्वयंपाकघरात एक गंमत आहे. वखारीतल्या बायकांचं जुनं जातं जमिनीत पुरलेलं होतं. ते उपटेना, म्हणून गवंड्यानं भिंत सरळ त्याच्यावरूनच नेली. अर्धं जातं आपल्याकडं, अर्धं पलीकडच्या खोलीत. वरची तळी केव्हाच गेली. आपल्या अर्ध्यावर मी घागर ठेवली आहे.

हे सगळं मी बोलते आणि फोन लिहून घेतो. 'लिही बाबा' म्हटलं की टिंग वाजतं, मी गप्प झाले की तो तुला धाडून देतो. सौरवनं तसं करून दिलंय. मला एक अक्षर येत न्हाय हे त्या फोनला ठाऊक न्हाय, नव्या सुनेसारखा खाली मान घालून लिहितो. नागुबाई म्हणाली, फोनला एवढं काय सांगतीयास आज्जी, नवरा हाय व्हय तुजा? मी म्हटलं, नवऱ्यानं एवढं ऐकलं असतं तर फोन कशाला घेतला असता गं.

९ जानेवारी, शुक्रवार

आज दाण्यांची बातमी. तू हसशील, पण तूही त्यात आहेस.

गेल्या वर्षी उचगावात सौरवनं माझ्या फोनात ते 'दाणा' नावाचं ॲप घातलं. जोंधळ्याच्या दाण्याचं चित्र, रोज सकाळी एकदा दाबायचं की एक दाणा जमा. हात लावता येत न्हाय, दाखवता येत न्हाय, तरी म्हणे हे नव्या जमान्याचं नाणं. सौरवनं कॉइन, क्रिप्टो असं बरंच सांगितलं, मला एवढंच कळलं की दाबायला पैसे पडत न्हाईत. मग काय, तुळशीला पाणी घातलं की दाणा. मी तुला त्यात ओढलं, आणि आता नागुबाईलाही ओढलंय. आपल्याखाली माणूस आलं की आपले दाणे वाढतात.

आता कंपनीनं सांगितलंय, संक्रांतीपासून दाणे विकता येतील. सौरव तर नाचायचाच राहिला. मी मनातल्या मनात ठरवलंय, तुझ्या बाळाच्या कमरेला चांदीचा करगोटा माझ्या पैशानं. माझ्या म्हणजे माझ्याच. रानात राबले तो पैसा सासऱ्याच्या कनवटीला गेला, दूध घातलं तो तुझ्या आज्ज्याच्या खिशात. हा एक पैसा असा येईल की तो कुठं गेला हे मला कुणी विचारायचं न्हाय.

१५ जानेवारी, गुरुवार

तीळगूळ पोचला का? पोचला असेल आणि डबा कुठं ठेवलास ते आठवत नसेल.

दाणे विकायच्या आधी पाकीट काढावं लागतं. फोनातलंच. त्या पाकिटाला किल्ली न्हाय, कुलूप न्हाय, बारा शब्द असतात. फोननं मला बारा शब्द दिले, मराठीतच, सौरवनं वाचून दाखवले. सौरवनं बजावलं, हे शब्द कुणाला सांगायचे न्हाईत. ज्याच्या तोंडी बारा शब्द, पाकीट त्याचं. हरवले तर कंपनीसुद्धा परत देत न्हाय, आणि दुसऱ्यानं म्हटले तर कंपनी त्यालाच मी, रुक्माबाई, समजणार.

तो म्हणाला कागदावर लिहून ठेवू. मी म्हटलं, कागद उंदीर खातो. आम्ही शेकड्यानं ओव्या कुठल्या कागदावर ठेवल्या होत्या? बसल्या बसल्या बारा शब्दांची ओवी बांधली. सहा पहिल्या ओळीत, सहा दुसऱ्या. इतकी गोड बसली की दिवसभर तोंडातून जाईना. शब्द इथं सांगणार न्हाय, फोनवर भरवसा असला तरी तुझ्यावर न्हाय. तुझे बारा शब्द तू मला काल फोनवर वाचून दाखवलेस, त्यांचीही ओवी मी बांधून दिली. पाठ केलीस ना?

माझ्या सासूचा एक नेम होता. जात्यावर अर्धी ओवी सोडून उठायचं न्हाय. समोरचीनं ती पुरी केली तर खुंटा तिचा. आम्ही सुना हसायचो आणि तरी ओवी पुरी करूनच उठायचो.

१९ जानेवारी, सोमवार

आज दुपारी एक झालं. हसू नको.

सौरव कामाला गेलेला. मी घागरीशेजारी बसून तांदूळ निवडत होते आणि ओवी चालली होती. पहिली ओळ झाली आणि दारात भाजीवाला ओरडला. मी ओवी तशीच टाकून उठले.

दुसरी ओळ भिंतीपलीकडून आली.

बाईचा आवाज, म्हातारा, घसा बसलेला. सहाच्या सहा शब्द, माझ्याच क्रमानं. मग दमानं, जशी समोर बसलेली जाऊ आपली ओवी लावते तशी तिनं तिची लावली:

अर्धी तुझी ओवी, अर्धी गं मला दे
अल्याड दळीन मी, पल्याड तू ये

मला आधी राग आला. नागुबाईनंच ऐकून ठेवली म्हटलं. बाहेर गेले तर नागुबाई भाजीवाल्याशी मेथीच्या पेंडीवरून भांडत होती.

तवनाप्पांना गाठलं. ते म्हणाले, आक्का, त्या खोलीला तर माझं कुलूप. किल्ली आणून उघडली. आत काही न्हाय. कोबा, एक खिडकी, तीही विटांनी बुजवलेली, आणि जात्याचं दुसरं अर्धं. त्यावर पीठ होतं. मी बोट लावलं. कोमट होतं. तवनाप्पा म्हणाले उंदरांनी काहीतरी केलं असेल. मी म्हटलं, अण्णा, उंदीर खातात, दळत न्हाईत.

२३ जानेवारी, शुक्रवार

पैसे आले! भ्यायले होते ते सगळं विसरले.

सौरवनं थोडे दाणे विकायला काढले. गिऱ्हाईक लगेच मिळालं. तो गिऱ्हाइकाचं नाव वाचून खदाखदा हसला, म्हणाला आज्जे, तुझी दाणे घेणारी पण रुक्माबाईच हाय, आडनाव पण तेच. नावापुढं गोल चित्र असतं, त्यात फक्त एक पदर दिसत होता. आपल्यासारखी आणखी एक म्हातारी फोन दाबत बसली असेल म्हटलं, आणि तिला मनातून आशीर्वाद दिला. पैसे सौरवच्या खात्यात पडले, मी त्याच पावली सोनाराकडं गेले. करगोटा घेतला. घुंगरू एवढेसे आहेत, वाजतात मात्र लई गोड.

पाठीमागं भिंतीत कुणीतरी दळत होतं. मी मोठ्यानं भजन लावलं.

२८ जानेवारी, बुधवार

रेशनला गेले. माझा अंगठा मशीन घेईना. धुतला, पुसला, पदराला घासला. दुकानदार पडद्यावर बघून म्हणाला, आज्जी तुम्ही तर सकाळी नेलंय की. मी म्हटलं, मी नेलं असतं तर हे रिकामं पोतं घेऊन तुझं तोंड बघायला आले असते व्हय? रांग हसली. तो हसला न्हाय. म्हणाला, तुम्हीच होता. हिरवं लुगडं. माझ्याशी असंच बोललासा.

माझं हिरवं लुगडं वाळत होतं. ओलं होतं.

पाकीट काढताना मागितला होता तसा ॲपनं परत चेहरा मागितला. डोळे मिटा, मान वळवा, हसा. सगळं केलं. सौरवनं वाचून दाखवलं, हा चेहरा आधीच कुणाचा तरी आहे. आणि त्या गिऱ्हाइकाच्या गोल चित्रात आता पदराखाली कपाळ आलंय. गोंदण आहे. माझंच गोंदण आहे आरोही, डाव्या भुवईवरचं, एक टिंब चुकलेलं.

३१ जानेवारी, शनिवार

नागुबाईला विचारलं, आधी इथं कोण होतं. ती सुपातली पानं कातरत म्हणाली, आंबाक्का म्हणून म्हातारी होती, चिकोडीकडची, नातवासंगं राहायची. तीही ते दाणे दाबायची. सगळे विकले आणि नातवासंगं हसत हसत कोल्हापूरच्या गाडीत बसली. तीन वर्सं माज्या सुपाशेजारी बसली आज्जी, पण त्या दिवशी मला वळख दिली न्हाय. आवाज तिचाच, आत कोण हुतं द्येव जाणे.

मी विचारलं, आंबाक्काचा घसा कसा होता?

बसल्याला, म्हणाली. तंबाखूनं.

२ फेब्रुवारी, सोमवार

सौरवला सगळं सांगितलं. तो म्हणाला, आज्जे, कुणीतरी तुझं पाकीट हॅक केलंय, भूत न्हाय ते, चोर हाय. उपाय एकच, उरलेले सगळे दाणे विकून पाकीट रिकामं करायचं. रिकाम्या पाकिटात चोर काय खाईल?

मला पटलं. चोर असो की दुसरं काही, घरात दाणा उरला न्हाय तर दळेल काय? तू येत्या रविवारी यायचीस. त्याच्या आत हे निस्तरलं पाहिजे, या खोलीत तुला असं आणायचं न्हाय. उद्या सगळे विकायचे.

सौरवला एकच विचारायचं राहिलं. घेणारी कोण आहे म्हणून.

३ फेब्रुवारी, मंगळवार

विकले. शेवटचा दाणा गेला आणि फोन टिंग झाला.

घेणारी तीच. चित्रात आता पुरं तोंड. हसत होती. माझं हसू इतकं लबाड दिसतं हे मला ठाऊक नव्हतं.

दळणं थांबलंय. मला बरं वाटायला हवं ना गं?

४ फेब्रुवारी

सौरव जेवायला आला. मी ताट घेऊन गेले. म्हणाला, आत्ताच तर वाढलंस आज्जे — माझ्याकडं न बघता. मी हाक मारली. तो घागरीकडं बघून बोलत होता. घागरीशेजारी —

हिरवं लुगडं. पाठमोरी. तांदूळ निवडत होती.

मी त्याचा खांदा धरला. त्यानं माशी उडवावी तसा खांदा झटकला —

५ फेब्रुवारी

अंधार न्हाय. दुपारच आहे. विटांच्या फटीतून उन्हाची रेघ येते.

मी भिंतीच्या या बाजूला आहे. कशी आले ते माहीत न्हाय — बसले होते जात्याशी, उठले तर घागर न्हाय, चूल न्हाय. दाराला बाहेरून तवनाप्पांचं कुलूप. ओरडले. नागुबाई बाहेरच विड्या वळते आहे, दोऱ्याचा आवाज ऐकू येतोय मला. तिला मी —

फोन पलीकडं आहे, कोनाड्यात. जात्याच्या खाली मुठीएवढी फट आहे, तिथं तोंड लावून 'लिही बाबा' म्हटलं. टिंग झालं. त्यानं एकट्यानं ओळखलं मला. घे बाबा, लिही —

६ फेब्रुवारी

तिनं तुला फोन केला. मी सगळं ऐकलं. माझ्या आवाजात तुझी थट्टा केली, हार विसरलेला तो, न्हाणीतला — तू हसलीस. फोनमधून तुझं हसू या बाजूला आलं.

तिनं सांगितलं, रविवारची कशाला वाट बघतेस, उद्याच ये. करगोटा आणलाय.

आरोही, येऊ नको.

करगोटा मी आणलाय. ती न्हाय. मी —

त्याच दिवशी, सांज

सौरवनं तिच्या पायाला तेल लावलं. माझ्या गुडघ्याला चोळतो तसं. ती गात होती:

लेक माझी येती गं, दारात उभी गाडी
पाळण्याची दोरी बाई, पल्याडची ओढी

पल्याडची म्हणजे मी.

आता कळलं आंबाक्का का गात होती. ती वाईट नव्हती गं. भुकेली होती. इथं पीठ आहे, ओंजळ भरून तोंडात टाकलं तरी पोटात काही जात न्हाय. जिची ओवी आपण पुरी करू ती इकडं, आपण तिकडं — एवढीच वाट आहे बाहेर पडायची, दुसरी न्हाय. भिंती चाचपल्या सगळ्या.

आणि आरोही — तुझी ओवी मला पाठ आहे. मीच बांधली.

७ फेब्रुवारी

सकाळपासून तोंडात तुझीच ओवी. दात आवळून धरते. तरी —

तू येशील. ती तुला जात्याशेजारी पाट टाकून देईल, टेकायला भिंत आहे म्हणेल. तू बसशील. पोटावर हात ठेवून गुणगुणशील, मधेच बाळ लाथ मारेल, तू थांबशील — आणि मी इथं, फटीशी, तोंड लावून. मी थांबणार न्हाय. तुझी आज्जी आहे म्हणून थांबीन असं वाटतं तुला? मलाही काल वाटत होतं. आज न्हाय वाटत.

बाळ अजून जन्मलं न्हाय, तरी त्याच्या तोंडी येतील ते शब्दही आत्ताच मोजायला लागलेय —

येऊ नको. तिकडं सासरी सांबऱ्यातच बाळंत हो. जावईबापूंना सांग आज्जीला वेड लागलंय. तिनं फोन केला तर उचलू नको. हसू नको तिच्या थट्टेला. ॲप काढून टाक, शब्द विसर — विसर गं बाई, एकदा तरी माझ्या कामाला येऊ दे तुझं विसरणं —

बाहेर गाडी थांबली. तुझी न्हाय ना? सांग न्हाय म्हणून.

न्हाय. दुधाची होती.

किती भूक लागली आहे गं.

तू नको येऊ, डबा पाठव. निपाणीच्या गाडीत कंडक्टरकडं दे, नागुबाईचं नाव सांग, तिला म्हणावं कुलपाच्या दारापुढं उंबऱ्यावर ठेवायचा आणि मागं न बघता जायचं. भाकरी नको, भाकरी आता चालत न्हाय. दहीभात पाठव, मोठा मुटका करून. मीठ घालू नको. आणि वर लिंबू ठेवू नको हं, कुणी कितीही सांगितलं तरी, लिंबू असलं की मला हात —